वेशीवरचा माणूस

आबा, तो दगड गावाला परत चालला आहे. भोरच्या ज्या जुन्या कचेरीत तो एवढी वर्षं उभा होता तिचं छप्पर आता पार बसलं, संग्रहालयाला कुलूप लागलं, आणि आतल्या वस्तू ज्या त्या गावाला देऊन टाकायच्या असं वरून ठरलं आहे. फुटक्या मूर्ती, तोफेचे गोळे, कुणाच्या तरी वाड्याचा दरवाजा, सगळं आपापल्या वाटेनं जाईल. आपल्या गावानं वेशीवर देऊळ बांधायला घेतलं आहे, चकचकीत फरशीचं. म्हणजे तुम्ही ज्याला एकदा देवपणातून बाहेर काढलंत त्याला परत देव करायची तयारी झाली. तुम्ही माझ्यावर आयुष्यात एकच काम टाकलं होतं, की त्याला माणूसच राहू दे. हातात होतं तोवर मी ते केलं. आता मी थकलो आहे, गुडघे धरतात, नोकरी सुटूनही बरीच वर्षं झाली. हे कुणाला सांगावं तर तुमच्याशिवाय ते कळणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या लहानपणी तिथं दगड आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पासलीकडून येणारी वाट गावात शिरते तिथं, उंबराखाली, शेंदराचा एक ढीग होता, छातीला लागेल एवढा उंच, वर रुपेरी डोळे चिकटवलेले. त्याला सगळा गाव म्हसोबा म्हणायचा. आत काय आहे असा प्रश्न कुणाला पडत नव्हता. म्हसोबाच्या आत म्हसोबाच असणार. जत्रेच्या आदल्या दिवशी त्याला तेल-शेंदूर चढवायचा आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराचं. नारळ पाटलांचा, पहिला नैवेद्य पाटलांचा, पालखीला खांदा वरच्या आळीचा. तेलात कोपरापर्यंत हात घालून तो चिकट लगदा थापायचं तेवढं आपलं. तुम्ही मातीचं गाडगं घेऊन घरोघर फिरायचात. गाडग्याला भांडं लागू नये म्हणून बाया उंबऱ्याच्या आतूनच, उंचावरून तेलाची धार सोडायच्या. कारळ्याचं तेल, कुणाचं ताजं, कुणाचं खवट. धार चुकली तर तुमच्या मनगटावर पडायची आणि तुम्ही ते मनगट डोक्याला पुसायचात. 'सनाला डोकं तरी मऊ झालं,' असं म्हणायचात. त्यावर घरात सगळे हसायचे. आता ते आठवलं की मला हसू येत नाही, पण तेव्हा मीही हसायचो हे खरं आहे.

मग तुम्ही धम्मदीक्षा घेऊन आलात. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि चेहरा नुकतीच आंघोळ करून आल्यासारखा. घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून कानंदीच्या डोहात सोडून दिलेत. आईला वाटलं, एवढ्यावर भागलं. पण जत्रा आली, आणि पाटलांचा गडी नेहमीसारखा वस्तीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, 'तेलाला निघा.' तुम्ही बाहेर गेलात. म्हणालात, 'पाटलास्नी सांग, आमी आता तेल लावत न्हाई.' गडी गोंधळला. 'मंग कोन लावनार?' तुम्ही म्हणालात, 'ज्येचा द्येव त्येनं लावावं.' आणि आत येऊन जेवायला बसलात. पण उरलेल्या तेलाची गोष्ट तुम्ही विसरला होतात. देवाला लावून गाडग्यात जे उरायचं ते आपलं असायचं, आणि आईची चूल पुढं महिनाभर त्यावर चालायची. त्या संध्याकाळी तिनं पातेल्यात नुसत्या पाण्यावर शिजवलेली भाजी तुमच्या पुढं वाढली आणि म्हणाली, 'द्येव सोडला त्ये बरं क्येलं, पर तेलानं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?' तुम्ही घास घेतलात, चावलात, आणि म्हणालात, 'चांगली झालीया.' आई म्हणाली, 'तुमच्या जिभेनंबी दीक्षा घेतली म्हना की.' पुढं किती तरी वर्षं आपल्या घरात फोडणीचा वास म्हणजे पाहुणा आला असं समजायचं. आईनं तुमची साथ सोडली नाही, पण तिच्या वाट्याला काय आलं ते तिनं कधी झाकूनही ठेवलं नाही. ती तशी होती म्हणून मला फार आठवते.

मला नवल वाटतं ते पुढच्याचं. तुम्ही तेल लावायचं सोडलंत तर दुसऱ्या कुणीही लावलं असतं. गावात हात काय कमी होते? पण कुणी लावलंच नाही. कुणी म्हणे हे काम आपल्या जातीचं नव्हे, कुणी म्हणे आपण हात लावला तर देव धरेल. देव सगळ्यांचा, तेल सगळ्यांचं, आणि हात तेवढा आपला. म्हणून म्हसोबा तसाच राहिला, कोरडा. आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला मी कशाला सांगू. चार चार महिने घोंगडी वाळत नाही. तेल नाही म्हटल्यावर शेंदराला भेगा पडल्या, भेगांत मुंग्या झाल्या, रुपेरी डोळे आधी एक आणि मग दुसरा निसटला. पुढं एका भाताच्या आवणीच्या दिवसांत, मी तेव्हा सातवी होऊन घरीच होतो आणि ओठावर मिसरूड फुटत होतं, तुम्ही वाफ्यातून परतताना वेशीवरून हाक मारलीत. तुम्ही उंबराखाली उभे आहात, पायाला पोटरीपर्यंत चिखल, हातात रोपाची जुडी तशीच. शेंदराचं एक जाड टरफल सुटून खाली पडलं आहे, भाकरीच्या पोपड्यासारखं, आणि आतून एक तोंड बाहेर आलं आहे. मिशा आहेत. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात तलवार. मग म्हणालात, 'आरं, ह्यो तर मानूस हाय.' आणि वाकून खालचं बघून म्हणालात, 'पायात वहान न्हाई बघ. आपलाच आसंल.'

गावात बोंब झाली, की देवानं कात टाकली, देव कोपला. असं कवच गळून पडलं की ते वाजतगाजत नदीला न्यायचं आणि देवाला नवा शेंदूर चढवायचा, ही रीत. न्यायचं कुणी, तर अर्थात आपण. चावडीपुढं तुम्हाला बोलावलं तेव्हा मी तुमच्या मागं उभा होतो. पाटील वाईट माणूस नव्हते, हे आज मी म्हणू शकतो; त्यांना खरोखरच भीती वाटत होती. ते म्हणाले, 'आरं, गावावर काय आलं म्हंजे? येवढं येक डाव कर.' तुम्ही म्हणालात, 'पाटील, त्यो द्येव न्हाई, मानूस हाय. मानसाला तेल लावायचं तर त्येच्या घरच्यानं लावावं. आन त्येच्या घरच्याला लावायचं न्हाई.' कुणाला त्यातलं काही कळलं नाही, मलाही नाही. त्या वर्षी राहिलेल्या चिखलणीला आपल्याला कुणी बैल दिले नाहीत. आपण कुदळीनं वाफे केले, तुमच्या पाठीला कायमची कळ लागली, आणि वेशीवरचे शेंदराचे तुकडे पावसानं विरघळून ओघळीला लाल पाणी जात राहिलं. दर वर्षी दगडाचा आणखी थोडा भाग उघडा पडत होता. तुम्ही येता-जाता त्याच्याकडं बघायचात, पण हात जोडत नव्हतात आणि हातही लावत नव्हतात.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी पुण्याहून ते साहेब आले. वेल्ह्यापर्यंत एसटीनं आणि पुढं पायी, खांद्याला झोळी, आणि चहात साखर नको म्हणणारा मी पाहिलेला पहिला माणूस. गावोगाव जुने दगड बघत हिंडायचं हीच त्यांची नोकरी, हे ऐकून आई म्हणाली होती, सरकारकडं काम लई कमी दिसतंय. साहेब दगडापुढं उकिडवे बसले आणि ओल्या फडक्यानं त्यांनी उरलासुरला शेंदूर हलक्या हातानं सोडवला. म्हणाले, हा खालून वर वाचायचा. खाली गुरं, एकमेकांच्या पाठीवर माना टाकलेली, आणि त्यांच्या पायाशी आडवा पडलेला माणूस. त्याच्या वर तोच माणूस उभा, लढतो आहे, समोर घोड्यावरचे लोक. त्याच्या वर दोन बाया त्याला दंडाला धरून स्वर्गात नेताहेत. आणि सगळ्यांत वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाची गुरं कुणी पळवून नेत होतं, ती सोडवताना हा मेला, म्हणून हा दगड उभा केला. याला वीरगळ म्हणतात, असं ते म्हणाले. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. मग वरच्या चित्राकडं बोट करून विचारलंत, 'म्हंजे वर जाऊनबी पूजाच करत बसला व्हय ह्यो?' साहेब हसले. तुम्ही हसत नव्हतात. थोड्या वेळानं तुम्हीच त्याला माफ केल्यासारखं म्हणालात, 'आसू द्या. जुना मानूस. त्येला कुनी सांगितलं नव्हतं.'

त्या दिवशी तुम्ही साहेबांना सोडलं नाहीत. 'गुरं राखायचं काम कुनाचं व्हतं सायेब? येस राखायचं काम कुनाचं? आन ह्येला तेल आमच्याच घरानं का लावायचं?' साहेब म्हणाले, असेलही तुमचा, पण दगडावर नाव नाही, आणि नाव नसलं की मला म्हणता येत नाही. तुम्ही अनवाणी पायांकडं बोट दाखवलंत. साहेब संकोचून म्हणाले, 'पाटील असो की शिपाई, वीरगळावर पाथरवट सहसा कुणाच्याच पायात काही कोरत नाही.' 'आसंल,' तुम्ही म्हणालात, 'पर ह्यो आपलाच.' तुमचं हे कुठल्याही पुराव्यावर उभं नव्हतं आणि कुठल्याही पुराव्यानं पडलंही नसतं. साहेब त्याला भोरच्या नव्या संग्रहालयात न्यायचं म्हणाले तेव्हा पाटलांनी एका पायावर होकार दिला. कोपलेला देव वेशीवर कुणाला हवा होता? उचलायला मात्र कुणी पुढं येईना. शेवटी आपल्या वस्तीतल्या माणसांनी दोर आणि वासे लावून तो उपटला. बुडाशी जमिनीत गाडलेला भाग कोरा, पांढरट होता, आणि तेल सोडल्यानंतर तिथं पहिल्यांदा तुम्ही त्याला हात लावलात. बैलगाडीबरोबर तुम्ही वेल्ह्यापर्यंत चालत आलात. तिथं ट्रकमध्ये चढवताना साहेबांना म्हणालात, 'तेल लावायचं न्हाई, फूल घालायचं न्हाई. मानसावानी हुबा करा.' साहेबांनी कबूल केलं. त्यांना झाडलोट आणि पहाऱ्याला एक वाचता येणारा माणूस हवा होता, तो त्यांनी तुमच्याकडं मागितला. तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, 'ह्येच्यावर लक्ष ठिव.' मला कळेना, साहेबांवर की दगडावर.

वस्तुसंग्रहालय हा शब्द भोरात कुणाच्या तोंडी बसला नाही. लोक त्याला दगडांची कचेरी म्हणायचे. बाजारच्या दिवशी हिर्डोशीकडच्या बाया एसटीची वाट बघत सावलीला आत यायच्या. पाटीवर 'हात लावू नये' असं मी स्वतः ठळक लिहिलं होतं, आणि त्या खरंच हात लावत नव्हत्या. लांबूनच हळद-कुंकू फेकायच्या. पोरांची सहल आली की एकच प्रश्न, हा महाराजांच्या वेळचा का. त्याच्याही आधीचा आहे म्हटलं की पोरांची तोंडं उतरायची. एकदा एका म्हातारीला मी समजावून सांगितलं, 'मावशी, हा देव नाही.' ती म्हणाली, 'मंग कोन?' मी म्हणालो, 'माणूस. गावाची गुरं सोडवताना मेलेला.' ती म्हणाली, 'मंग तर जास्तच,' आणि पदर पसरून तिनं डोकं टेकलं. संध्याकाळी दार लावायच्या आधी मी बादली घ्यायचो आणि सगळं पुसून काढायचो. दुसऱ्या बाजारी परत तेच. तरुणपणी मला त्यात ईर्ष्या वाटायची, मग सवय झाली, आणि मग नुसता कंटाळा. कंटाळा आला म्हणून मी पुसायचं सोडलं नाही, पण आला होता.

तुम्ही एकदाच तिथं आलात. पाठीची कळ वाढली होती, भोरच्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून कापूरहोळला एसटी बदलून आलात आणि थेट कचेरीच्या पायरीवर येऊन बसलात. मला इतका आनंद झाला होता की मी तुम्हाला आधी चहा दिला, मग खाकी शर्टाची बटणं दाखवली, मग पंखा दाखवला. तुम्ही म्हणालात, 'त्यो कुठाय?' मी तुम्हाला आत नेलं. बाजारचा दिवस होता. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलात, आणि मला दिसलं की लढणाऱ्या माणसाच्या कपाळावर कुंकू आहे, गुरांच्या पाठीवर हळद, आणि चंद्र-सूर्याच्या खाचेत लांबून फेकलेला झेंडू अडकलेला. चार माणसं आत होती. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, 'तुला पगार कशाचा मिळतो रं?' मी म्हणालो, 'आबा, लोक ऐकत नाहीत.' तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, 'लोक म्हंजे कोन? म्याबी लोकच व्हतो की. म्या आईकलं.' आणि मग मला जवळ बोलावून, मी लहान असल्यासारखं, हळू आवाजात सांगितलंत, 'द्येव झाला की त्येचं काम संपलं. मंग त्यो कुनाची गुरं सोडवत न्हाई, नुसतं तेल खातो. त्येला मानूस ऱ्हाऊ दे. मानूस ऱ्हायला तर कुनी इचारंल तरी, कशापायी मेला म्हून.' तुम्ही खांद्यावरच्या पंच्यानं ते सगळं पुसून काढलंत, आजारी माणसाचं तोंड पुसावं तसं, कानामागंसुद्धा. मी बादली धरून उभा होतो. मला मान वर करून कुणाकडं बघवेना, आणि तुमचा राग आला होता तो वेगळाच. चार माणसांत तुम्ही मला बोललात याचा राग मला पुढं बरेच दिवस पुरला.

राग गेला तो त्या गाठोड्यानं. महिन्याभरात वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरनं ते आणून दिलं. तुमचं दीक्षेच्या वेळचं पांढरं धोतर, विरून पार जाळी झालेलं; आईनं त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करून, कडा दुमडून, टाके घातले होते. निरोप एवढाच, 'दगड पुसायला.' मी ते तुकडे पुरवून पुरवून वापरले. ते संपायच्या आधी तुम्ही गेलात. ऐन पावसात, वाट बंद, निरोप मला उशिरा मिळाला. मी कानंदीचं पाणी उतरेपर्यंत अलीकडं थांबलो आणि गावात पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तुमचं तोंड मला शेवटचं बघायला मिळालं नाही. याचं दुःख कमी होईल असं सगळे म्हणाले होते. तसं काही झालेलं नाही.

पुढची वर्षं मी त्याला पुसत राहिलो, आबा. साहेबांची बदली झाली, ते निवृत्त झाले, वारले. त्यांच्या जागी आलेल्यांना दगडांत गोडी नव्हती आणि त्यांच्याही नंतर कुणी आलंच नाही. एकदा मी दुपारच्या उन्हात त्याच्याकडं नीट बघितलं. नाक गेलं होतं. मिशा बोटाला लागत नव्हत्या. शेंदराखाली तो इतक्या पावसाळ्यांत टिकला होता, आणि माझ्या वर्षानुवर्षांच्या पुसण्यानं झिजला. देव होता तोवर चेहरा शाबूत होता, माणूस राहावा म्हणून धडपडलो तर चेहराच चालला. यात माझी चूक कोणती आणि तुमची कोणती, हे मला अजून उलगडत नाही. साहेब असते तर विचारलं असतं. तेव्हापासून मी नुसतं पाणी ओतायचो, घासत नव्हतो. पण तुमच्याशी मनातल्या मनात भांडायचो. तुम्ही एकदा ठरवून मोकळे झालात, आणि कायमचं पुसणं माझ्याकडं लागलं.

परवा दुपारी गावाहून दोघं जण आले. एक सरपंच, म्हणजे त्या पाटलांचा नातू, आणि एक त्याचा मित्र. वहाणा बाहेर काढल्या, मला काका म्हणाले, माझ्या पाया पडायला वाकले तेव्हा मीच मागं सरलो. सुनेनं चहा केला. सरपंचानं तो बशीत ओतून घेतला आणि सावकाश प्यायला. मग म्हणाला, 'काका, दगड बसवायचा हाय. पयल्या तेलाचा मान तुमच्या घराचा. जुनी मानसं तसं सांगत्यात.' मी विचारलं, 'मान?' तो म्हणाला, 'व्हय, मानच की.' मी म्हणालो, 'मग तुम्हीच लावा. तेव्हाही तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं.' त्यावर मित्र म्हणाला, 'कुनी हात लावाय तयार न्हाई काका. तुमच्याबिगर कायतरी इपरीत व्हईल म्हनत्यात. येक डाव हात लावून द्या, फुडचं आमी बघतो.' माझा मुलगा शेजारी बसला होता. तो मला खुणावत होता, हो म्हणा, एवढे घरी आलेत.

आणि मला त्या क्षणी समजलं, आबा, की एवढ्या वर्षांत गावात रस्ता आला, दिवे आले, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, पण तेलात हात अजून कुणी घालत नाही. आपल्या घरातून कुणी गेलं नाही तर तो दगड फरशीच्या देवळातही कोराच उभा राहील. माझ्या बादलीनं त्याला माणूस ठेवलं असं मी समजत होतो. त्याला तुमच्या नाही म्हणण्यानं ठेवलं होतं, आणि ते अजून संपलेलं नव्हतं. मी म्हणालो, 'माझ्या बापानं सोडलं ते मी धरणार नाही. दगड न्या, उभा करा, हवं तर दिवा लावा. तेलाला आमच्या घरातून कुणी येणार नाही.' मुलगा उठून आत गेला. माझ्यानंतर तो काय करील ते मला सांगता येत नाही. तो तुमच्यासारखा नाही, आणि माझ्यासारखाही नाही. पाटलांचा नातू रागावला नाही. खाली बघत म्हणाला, 'चुकलं आसंल तर राग मानू नका काका.'

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं. मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. म्हणून लिहिलेलं इथंच राहील. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय घडी घालता येईना. तुमच्याकडं कधी कुणी विचारायला आलं नाही, तुम्हाला नुसतं बोलावणं यायचं. माझ्याकडं आले, माझ्या घरी बसले, पाटलांच्या घरातला माणूस माझ्यापुढं मान खाली घालून माझ्या होकाराची वाट बघत बसला होता. आबा, मला ते इतकं आवडलं की नाही म्हणून झाल्यावरही मी त्यांना उठू दिलं नाही, दुसरा चहा करायला लावला. आणि दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मीच म्हणालो, पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी परत या, विचारायला.